अनुभव धागा: विधानसभेच्या उमेदवाराचा प्रचार

प्रचार म्हटलं की सभा आणि फ्लेक्स आठवतात. पण ज्यांनी उमेदवारासाठी वस्त्या पालथ्या घातल्या, वह्या भरल्या, बूथ सांभाळला, त्यांचं कुठे लिहून येत नाही. पक्ष कुठलाही असो, स्वतः केलेलं काम सांगा. उमेदवाराचं आणि मतदारसंघाचं नाव नको.

*

२०२४ला आम्ही एका अपक्ष बाईंचं काम केलं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे उमेदवारी अर्जावर सही करून नाव सुचवणारा, पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि ते त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. सकाळी हो म्हणणारी माणसं संध्याकाळी कुणाचा तरी फोन आला की मागे सरायची. शेवटी बचत गटातल्या बायकांनी सह्या केल्या. त्यांचं धाडस मला कुठल्याही भाषणापेक्षा मोठं वाटतं.

चिन्हाचा प्रश्न त्याहून अवघड. अपक्षाला चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर. ती संपली ४ नोव्हेंबरला आणि १८ला प्रचार थांबला. मोठ्या पक्षांचं चिन्ह लोकांना पिढ्यान् पिढ्या पाठ. आमचं दोन आठवड्यांत घरोघरी पोचवायचं होतं. हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

*

माझ्याकडे खर्चाची वही होती. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची मर्यादा ४० लाख. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं, चहा-नाश्त्यापासून मंडपापर्यंत सगळं प्रशासनाच्या दरपत्रकाप्रमाणे लावायचं, आणि प्रचारात किमान तीनदा वही तपासायला न्यायची. पत्रकावर मुद्रक, प्रकाशकाचं नाव नसेल तर गठ्ठा परत पाठवायचा. कार्यकर्ते चिडायचे, पण उमेदवार माझ्या बाजूने उभे राहिले. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावाच लागतो, जिंका नाहीतर हरा.

*

दारोदार फिरताना एक आजी भेटल्या, अंथरुणाला खिळलेल्या. ८५च्या पुढच्यांना घरून मत देता येतं, पण १२-ड अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यायचा असतो. आम्ही पोचलो तेव्हा मुदत उलटून गेली होती. कोणत्याही पक्षाने प्रचाराच्या आधीच अशा घरांची यादी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

*

मी मतदान प्रतिनिधी, म्हणजे केंद्रावर उमेदवाराच्या वतीने बसणारी, होते. पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायचं चाचणी मतदान, सुरू होतं. किमान ५० मतं टाकून बघतात, मोजणी व्हीव्हीपॅट यंत्रातून पडलेल्या मतांच्या चिठ्ठ्यांशी ताडतात, मग ती सगळी पुसून यंत्र मोहोरबंद. खरं मतदान सातला. नव्या मुलींना मी एकच सांगते: संध्याकाळी १७-क या नमुन्याची प्रत हातात पडल्याशिवाय केंद्र सोडू नका. त्यावर त्या यंत्रातल्या एकूण मतांची नोंद असते आणि मोजणीच्या दिवशी तुमचा माणूस आकडा त्याच कागदावरून पडताळून बघतो.