चेंजअप एवढा स्लो असून बॅटर फसतात कसे?

प्रश्न
हल्लीच एमएलबी (अमेरिकेतली बेसबॉल लीग) बघायला लागलोय. पिचर (बॉल टाकणारा) ताशी ९५ मैलाचे फास्टबॉल टाकत असतो, मधेच एक ८५ चा स्लो बॉल, म्हणजे चेंजअप, सोडतो आणि चांगला कसलेला बॅटर हवेत बॅट फिरवून मोकळा. स्लो बॉल मारायला सोपा पाहिजे ना? रिप्लेत तर बॉल अगदी मधोमध होता.

प्रतिसाद १
९५ चा बॉल हातातून सुटून साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर (बॅटरजवळच्या पाटीवर) येतो आणि त्यातले ०.१५ बॅट फिरवण्यातच जातात, म्हणजे मारायचं की सोडायचं हे बॉल वाटेत असतानाच ठरवावं लागतं, तेव्हा कोणी स्पीड मोजत बसत नाही, पिचरचा हात कसा येतोय त्यावरून अंदाज बांधतात. चेंजअपला हात फास्टबॉलसारखाच येतो, बॉल तेवढा उशिरा पोचतो. तोवर पुढचा पाय टेकलेला, कंबर उघडलेली, बॅट पुढे गेलेली. रिप्लेत बॉल नका बघू, बॅटरचा पुढचा पाय बघा, सगळं वजन त्यावर आलेलं दिसेल.

प्रश्नकर्ता
पण हात तेवढ्याच जोरात आला तर बॉल स्लो कसा पडतो?

प्रतिसाद २
ग्रिपमुळे. फास्टबॉल बोटांच्या टोकांवर धरतात, शेवटचा झटका तर्जनी आणि मधल्या बोटाचा. सर्कल चेंजमध्ये (चेंजअपची एक ग्रिप) तर्जनी आणि अंगठ्याचा गोल बॉलच्या बाजूला येतो, बॉल उरलेल्या तीन बोटांवर आणि जरा तळव्याकडे, त्यामुळे हाताचा सगळा जोर बॉलला लागतच नाही. बॅकस्पिनही (उलटी फिरकी) कमी, म्हणून बॉल खाली बसतो आणि बॅट वरून जाते. नवीन पोरं हमखास हात आवरतात, मुद्दाम हळू टाकायला जातात, आणि ते बॅटरला लगेच कळतं. मी तर म्हणतो फास्टबॉल समजूनच टाका, बाकीचं ग्रिप करेल.

प्रतिसाद ३
ट्रेव्हर हॉफमनबद्दल वाचा. खांदा दुखावल्यावर फास्टबॉलचा वेग गेला, मग चेंजअपवर करिअर उभं केलं, ६०० सेव्हचा (शेवटी येऊन टीमची आघाडी टिकवली की एक सेव्ह) टप्पा गाठणारा पहिला पिचर, एकूण ६०१, २०१८ ला हॉल ऑफ फेम. योहान सँटानाचा पण बघा, तो डावखुरा, त्यामुळे उजव्या बॅटरपासून बॉल बाहेर जायचा, म्हणजे टायमिंग पण गेलं आणि बॅटचं टोक पण पुरत नाही. माझ्या मते कर्व्हबॉलपेक्षा (वळत खाली येणारा बॉल) चेंजअप जास्त त्रास देतो, कर्व्ह निदान हातातून सुटताना वेगळा दिसतो.