आजोबांच्या ट्रंकेतली तिबेटी नोट: नंबर हाताने लिहिलाय, खरी असेल का?

मिरजेची_नात
आजोबा टपाल-तार खात्यात होते, १९५२ ते ५४ तिबेटात ग्यांत्सेला. त्यांच्या ट्रंकेत खाकी पाकिटात एक भली मोठी नोट सापडली. पुढे दोन सिंह, मागे झाडाखाली बसलेला म्हातारा, एक लाल शिक्का, एक काळा. पण नंबर चक्क शाईने लिहिलाय आणि साल कुठेच नाही. एका दुकानदाराने "खेळण्यातली" म्हणून परत दिली. आई लॅमिनेट कर म्हणतेय.

जुनी_टांकसाळ
ताई, लॅमिनेशन अजिबात नको. सेलोटेपही नको, शाळेत असताना मी १० स्रांगच्या (स्रांग म्हणजे जुनं तिबेटी चलन) नोटेला लावला होता, तो पिवळा डाग आजही बघवत नाही.

तुमची १०० स्रांगची दिसते. हाताने लिहिलेला नंबर ही तर तिची ओळख! नोट ल्हासाला ठशांवरून छापायचे, पण नंबर घालायला वळणदार अक्षराचे लेखनिक बसत. लाल शिक्का दलाई लामांचा, काळा सरकारी.

आता दोन्ही हातांनी धरून खिडकीच्या उजेडात बघा. हातकागदाचे दोन पदर चिकटवलेले असतात आणि त्यांच्या मध्ये तिबेटी अक्षरं छापलेली. ती दिसली तर मला लगेच कळवा.

साल या नोटेवर घालतच नसत. सुरुवातीच्या टंकाच्या (हेही जुनं तिबेटी चलन) नोटांवर असे, तेही तिबेटी गणनेतलं: १६५८ मध्ये २५४ मिळवा, १९१२ येतं. राजा ल्हाथोथोरीच्या काळी आकाशातून ग्रंथ उतरले, तेव्हापासून मोजलेली ही वर्षं. १०० स्रांगच्या नोटा १९५९ पर्यंत निघाल्या, शेवटी शेवटी तर खूपच. त्यामुळे ही दुर्मीळ नाही, मोठ्या किमतीची आशा धरू नका.

नवेगाव_बांध
आमच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग. तिथल्या एका आजींना मी अशा नोटेचा फोटो दाखवला होता. त्यांनी बोट ठेवून वाचलं, "गांदेन फोद्रांग", म्हणजे दलाई लामांचं सरकार. मग बराच वेळ फोन परत दिला नाही.

मिरजेची_नात
दिसली अक्षरं! आईलाही दाखवली. आणि पाकिटावर आजोबांनी लिहिलंय, "पूर, जुलै ५४". एवढंच. घरात कुणालाच ठाऊक नाही.

जुनी_टांकसाळ
त्या महिन्यात ग्यांत्सेला मोठा पूर आला. तिथली भारत सरकारची व्यापार एजन्सी वाहून गेली, माणसं दगावली. तुमच्या आजोबांच्या हाती लागलं त्यातली ही नोट असावी. पाकीट टाकू नका. नोट पॉलिएस्टरच्या पारदर्शक कव्हरात घाला, पीव्हीसी नको, आणि पाकीट शेजारच्या कप्प्यात ठेवा. दोन्हींची ताटातूट होऊ देऊ नका.