मदत हवी आहे: फाईल न बनवता सी प्रोग्रामच्या सगळ्या वॉर्निंग कशा बघायच्या?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात नौपाड्याला घरीच सी चे क्लास घेते, मुलं कळवा, ऐरोलीपासून येतात. दर शनिवारी ३८ जणांचे प्रोग्राम येतात आणि मला ते चालवायचे नसतात, फक्त वॉर्निंग बघून शेरे लिहून फोल्डर परत पाठवायचं असतं. आधी सरळ कंपाईल करायचे, पण एकदा ए डॉट आऊट (कंपाईल झाल्यावर बनणारी चालवायची फाईल) चुकून झिपमध्ये गेली आणि एक मुलगा तीच जुनी फाईल चालवत बसला, कोड बदलला तरी उत्तर तेच येतंय म्हणून रडकुंडीला आला. तेव्हापासून जीसीसीला (माझा सी कंपायलर) डॅश डब्ल्यू ऑल, म्हणजे नेहमीच्या वॉर्निंग दाखव, आणि डॅश एफ सिंटॅक्स ओन्ली, म्हणजे फक्त कोड तपास, असं देते, काही फाईल बनत नाही, पटकन होतं.

पण परवा वाईट झालं. एका मुलीच्या प्रोग्राममध्ये ग्रेड नावाचं व्हेरिएबल होतं, ७५ च्या वर मार्क असतील तर ए, ४० च्या वर बी, आणि ४० च्या खाली काहीच नाही, नुसतं प्रिंट. माझ्याकडे एकही वॉर्निंग आली नाही म्हणून मी "क्लीन आहे" असा शेरा दिला आणि प्रॅक्टिकलला परीक्षकांनी ३५ टाकल्यावर कचरा छापून आला. तिचे मार्क गेले ते माझ्या शेऱ्यामुळे, हे मला फार लागलंय. ही वॉर्निंग का आली नाही? आणि फाईल मागे न ठेवता ती कशी मिळवायची?

प्रतिसाद १
ताई, सिंटॅक्स ओन्ली दिलं की जीसीसी कोड वाचून, टाईप तपासून थांबतो. सेमीकोलन, न वापरलेलं व्हेरिएबल, प्रिंटएफमधला चुकीचा फॉरमॅट, हे तेवढ्यातच कळतं. पण व्हेरिएबलला किंमत न देता ते वापरलं जाईल का, हे कळायला कोणकोणत्या वाटेने प्रोग्राम जाऊ शकतो ते बघावं लागतं, आणि जीसीसीत ते काम पुढच्या टप्प्यात होतं. तुमच्या केसमधली "मे बी अनइनिशियलाईज्ड" (कदाचित किंमत न देताच वापरलंय) वॉर्निंग तर ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करायचा टप्पा, चालू असल्याशिवाय येतच नाही. म्हणजे नुसतं साधं कंपाईल केलं असतं तरी ती सुटली असती, स्वतःला एवढा दोष देऊ नका.

सिंटॅक्स ओन्ली काढा, डॅश डब्ल्यू ऑल राहू द्या, त्याला डॅश मोठा ओ दोन जोडा (याने ऑप्टिमायझेशन चालू होतं), डॅश मोठा एस लावा आणि डॅश छोट्या ओ पुढे, म्हणजे आउटपुट कुठे लिहायचं तिथे, स्लॅश डेव्ह स्लॅश नल द्या, त्यात लिहिलेलं सगळं फेकलं जातं. काम सगळं होतं, आउटपुट तिथेच नाहीसं. मोठा एस अशासाठी की जीसीसी असेंब्लीपर्यंत जाऊन थांबतो, असेंबलर आणि लिंकर (चालवायची फाईल बनवणारे पुढचे टप्पे) चालतच नाहीत. मोठा ओ आणि छोटा ओ वेगळे आहेत हां, यात भलेभले फसतात. आणि छोट्या ओ सोबत एका वेळी एकच फाईल चालते, स्टार डॉट सी (फोल्डरमधल्या सगळ्या सी फाईली) दिलंत तर एरर येईल, टर्मिनलमध्ये फॉर लूप लावा.

प्रतिसाद २
क्लँग (दुसरा सी कंपायलर) टाकून बघा. त्यात ही तपासणी सुरुवातीच्याच टप्प्यात होते, त्यामुळे सिंटॅक्स ओन्ली आणि डब्ल्यू ऑल दिलं तरी तुमची ग्रेडवाली चूक सापडते, वर कुठली अट खोटी ठरल्यावर गडबड होते तेही सांगतो. मी दोन्ही चालवतो. जीसीसीची "मे बी" कधीकधी खोटीही असते, व्हर्जन बदललं की वॉर्निंग बदलते, तेव्हा ती दिसली म्हणून लगेच मार्क कापू नका, ती ओळ डोळ्यांनी वाचा.

धागाकर्ती
दादा, दोघांचेही मनापासून आभार. फॉर लूप लावून ३८ च्या ३८ फाईली परत तपासल्या, फोल्डरमध्ये एकही जादा फाईल नाही. तीच वॉर्निंग अजून ४ जणांकडे निघाली, मी चारही वाचल्या, तीन खऱ्या आहेत आणि एकात मुलाने वरच अट घालून वाट बंद केलीय. त्या तिघांची प्रॅक्टिकल सोमवारी आहे, आत्ता फोन करतेय.