सुरतेतली ती घुमटांची थडगी: तुम्ही पाहिलीत का?

मंडळी, सुरत म्हटलं की आपण १६६४ आणि १६७० वर थांबतो. मीही थांबायचो. गेल्या वर्षी मेहुणीच्या लग्नाला गेलो होतो. दुपार मोकळी मिळाली म्हणून कतारगाम दरवाज्याकडच्या इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात शिरलो, आणि समोर कोण, तर सर जॉर्ज ऑक्झेंडन! पहिल्या स्वारीत महाराजांना दाद न देता वखार लढवणारा ईस्ट इंडिया कंपनीचा तो प्रेसिडेंट. शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला होता, तेव्हा हा ढोल-कर्णे वाजवत गावातून शिपाई फिरवत होता. १६६९ मध्ये सुरतेतच वारला. थडगं मात्र लांबून एखाद्या पीराचा दर्गा वाटावा असं. खांब, कमानी, वर घुमट. कंपनीच्या नोकरांना मरताना तरी मोगल उमराव व्हायचं होतं, असं माझं आपलं मत.

तुम्ही गेला असाल तर लिहा. पुस्तकातलं नको, पाहिलेलं हवं. (थोडं पुस्तकातलं चालेल.)

* * *

मी सुरतेतल्याच लिंबायतचा. आजोबा धुळ्याहून लूमवर कामाला आले, ते इकडचेच झाले. मामा कतारगामला, त्यामुळे सुट्टीत आमचं क्रिकेट त्याच थडग्यांत. खेळपट्टी अशी की टप्पा पडला की चेंडू देवाच्या मर्जीने वळायचा. ऑफला एक बुटकं थडगं होतं, त्याला लागला तर दोन धावा. मामी ओरडायची, "सांजले तठे जावानं नही!" भुताची भीती कधी वाटली नाही, चौकीदाराची वाटायची. जॉर्ज कोण, शिवाजी महाराजांशी त्याचा काय संबंध, हे आज इथे कळतंय.

* * *

एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण हा घोळ नेहमी होतो. १६७४ मध्ये राज्याभिषेकाला रायगडावर आलेला हेन्री ऑक्झेंडन वेगळा. घराणं तेच.

मला जॉर्जपेक्षा त्याचा भाऊ ख्रिस्तोफर आवडतो. तो १६५९ मध्ये गेला. त्याचा मृत्युलेख लॅटिनमध्ये आहे. मी भाषांतर कागदावर उतरवून नेलं होतं. अख्खा लेख जमाखर्चाच्या भाषेत! त्याला वहीत वर्षं मांडता आली नाहीत, दिवसच मांडता आले, कारण मृत्यूने अचानक हिशेबाला बोलावलं. मालकांनो, तुमचं काय गेलं विचारता? तुमचा नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला; पण समोरच्या रकान्यात तो 'मरण हा मला नफा' असं लिहू शकतो. मी एकतीस वर्षं बँकेत खतावण्या भरल्या आहेत, त्यामुळे तिथून पाय निघेना. बाजूला एक गुजराती आजोबा बसले होते. त्यांना हे सगळं मोडक्या हिंदीत समजावलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "तो तो वाणियो ज हशे." (मग तो वाणीच असणार!)

* * *

डच कबरस्तान पाहिल्याशिवाय परत येऊ नका. तिथला मोठा अष्टकोनी घुमट वान रीडचा. इंग्रजांच्या थडग्यावर ताण करायची म्हणून एवढा मोठा बांधला म्हणतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे माझ्यासाठी ही तीर्थयात्राच होती. मलबारचा डच गव्हर्नर असताना याने 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचं काम सुरू केलं. १६७८ ते १६९३, बारा खंड, ॲमस्टरडॅममध्ये छापलेले. पहिल्याच खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या वैद्यांचा १६७५ चा दाखला आहे, कोकणीत आणि चक्क देवनागरीत! वान रीड १६९१ मध्ये सुरतेकडे येताना जहाजावरच वारला. शेवटचे खंड त्याने छापलेले पाहिलेच नाहीत.

लिनियसने एका वंशाला याच्यावरून ऱ्हीडिया नाव दिलं होतं. पुढे तो गार्सिनियात, म्हणजे आपल्या कोकमाच्या वंशात जमा झाला. पर्समध्ये प्रवासातली आमसुलं होती. इकडेतिकडे पाहिलं आणि दोन पायरीवर ठेवली.

* * *

भर दुपारी जाऊ नका, उन्हाने डोकं उठतं. डचांच्या जवळच आर्मेनियन थडगी आहेत, तीही बघा. आम्हाला बस गाठायची होती, पाच मिनिटंच मिळाली.

* * *

लिंबायतवाले भाऊ, ते दोन धावांचं थडगं कुणाचं होतं हो?

* * *

नाव पार झिजलेलं होतं. आम्ही त्याला थर्ड अंपायर म्हणायचो.