मदत हवी आहे: नाटकातल्या कंदिलासाठी बॅटरीवरचा एलईडी दिवा

नमस्कार मंडळी,

आमच्या एकांकिकेत आजी कंदील घेऊन अंधारात नातवाला शोधते. रंगमंचावर ज्योत नको, म्हणून जुन्या कंदिलाच्या काचेत एलईडी बसवतेय. इलेक्ट्रॉनिक्समध्ये अगदी नवखी आहे. सोल्डरिंग याच महिन्यात शिकले.

आत्ता ५ मिमीचे पाच वॉर्म व्हाइट एलईडी समांतर जोडलेत, सगळ्यांना मिळून ३३० ओहमचा एकच रेझिस्टर (विद्युतप्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. उजेड मिणमिणता, त्यात दोन एलईडी बाकीच्यांपेक्षा फिके. हिशेब केला तेव्हा कळलं: एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडतात, उरलेले ६ भागिले ३३०, म्हणजे जेमतेम १८ मिलिअँपिअर, तेही पाचांत वाटून!

आता चार एए सेल (६ व्होल्ट) आणि प्रत्येक एलईडीला १५० ओहमचा स्वतंत्र रेझिस्टर असं ठरवलंय. प्रत्येकी २० मिलिअँपिअर, एकूण १००. हे बरोबर आहे ना? तीनच सेल घेतले तर ते कंदिलाच्या बुडात सहज मावतात, पण सेल उतरू लागले की साडेचार व्होल्टवर उजेड फार लवकर मंदावेल अशी भीती वाटते.

दुसरं, ज्योतीसारखी थरथर हवी. आपोआप लुकलुकणारे मेणबत्तीवाले एलईडी पाच लावले तर प्रत्येक आपल्या तालात थरथरेल. ते चांगलं दिसेल, की आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) शिकून घेऊ? प्रयोगाला तीन आठवडे आहेत.

आणि कंदील सतत हलतो, त्यामुळे स्विचजवळची वायर दोनदा तुटली. तिथे काय करता?