मदत हवी आहे: प्लिमथ वसाहतीतील सामाईक शेती नेमकी कशामुळे मोडली?

नमस्कार. अमेरिकेतील प्लिमथ या इंग्रज वसाहतीच्या पहिल्या सात वर्षांतील शेतीवर मी एक टिपण लिहीत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

१६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून आलेल्या लोकांनी आधी सामाईक शेती केली, उपासमार सोसली आणि १६२३ मध्ये कुटुंबागणिक जमीन वाटताच मका भरपूर पिकला, असे सांगून त्यावरून खासगी मालकीचे श्रेष्ठत्व सिद्ध केले जाते. याला गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांच्याच लिखाणाचा आधार आहे. धडधाकट तरुणांना दुसऱ्यांच्या बायकामुलांसाठी मोबदल्याविना राबणे जाचत होते आणि परक्या पुरुषांचे कपडे धुणे स्त्रियांना गुलामगिरी वाटत होती. वाटपानंतर मात्र त्याच स्त्रिया लहानग्यांना बरोबर घेऊन आपखुशीने मका लावायला शेतात गेल्या, असे ते नोंदवतात. ही प्रत्यक्षदर्शी साक्ष आहे आणि ती बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही.

तरीही सामाईक साठ्याची ही पद्धत वसाहतीला भांडवल पुरवणाऱ्या लंडनच्या व्यापाऱ्यांशी झालेल्या कराराची अट होती. सात वर्षे सगळे उत्पन्न एकत्र ठेवायचे आणि मुदत संपल्यावर घरे-जमिनींसह त्याची भागधारकांत वाटणी करायची, असे ठरले होते. घरे व परसबागा यातून वगळाव्यात आणि आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या कामाला मिळावेत, ही वसाहतकऱ्यांची मागणी मान्य झाली नाही. तेव्हा लोकांचा उत्साह शेजाऱ्याला वाटा द्यावा लागल्यामुळे मावळला, की समुद्रापलीकडच्या भागधारकांसाठी कष्ट उपसावे लागल्यामुळे? ब्रॅडफर्ड पहिल्या कारणावर भर देतात. मला दुसरेही तितकेच वजनदार वाटते.

शिवाय १६२३ च्या वाटपाला मालकी म्हणावे का, हा प्रश्न उरतोच. कुटुंबातील माणसे मोजून जमीन दिली गेली, पण ती केवळ कसण्यापुरती, वारसाहक्काविना. माणशी एक एकर कायमस्वरूपी मिळाला तो १६२४ मध्ये. लंडनच्या भागधारकांचा हिस्सा वसाहतकऱ्यांनी १८०० पौंडांना, वर्षाला २०० पौंडांच्या हप्त्यांनी विकत घेण्याचे ठरल्यानंतर दर वाट्यामागे २० एकरांची वाटणी झाली आणि १६२७ मध्ये गुरे प्रत्येकी १३ माणसांच्या १२ गटांत विभागली गेली. गवताची कुरणे मात्र तेव्हाही सामाईकच राहिली. (ही सारी जमीन मुळात साथीने उजाड झालेल्या पटक्सेट या मूलनिवासींच्या गावाची होती, हे मालकीच्या या चर्चेत सहसा कोणी सांगत नाही.)

१६२३ च्या उन्हाळ्यात आधी कडक अवर्षण पडले आणि मग वेळेवर पाऊस आला. एव्हाना मक्याच्या लागवडीचा अनुभवही गाठीशी जमला होता. वाढीव पिकातला किती भाग वाटपामुळे आणि किती या इतर कारणांमुळे, हे वेगळे काढण्याची एखादी ग्राह्य पद्धत आहे का? व्हर्जिनियातील जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीत तिथले प्रशासक सर थॉमस डेल यांनी १६१४ च्या सुमारास दिलेल्या तीन-तीन एकरांच्या तुकड्यांशी तुलना करणे उचित ठरेल, की तेथील कंपनीच्या नोकरांची स्थिती फारच वेगळी होती? वसाहतकालीन जमीनव्यवस्थेचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.