आत्या, मावशी, काकू, मामी

गेल्या महिन्यात आमची आत्या गेली. वय ८४. तिला स्वतःचं मूल नव्हतं, पण तिला हाक मारणारे आम्ही २१ जण. भावांच्या मुलांची ती आत्या, बहिणीच्या मुलांची मावशी, दिरांच्या मुलांची काकू, नणंदेच्या मुलांची मामी. ती गेल्यावर सगळे एका खोलीत जमलो आणि बोलता बोलता लक्षात आलं, आपण चार निरनिराळ्या बायकांबद्दल बोलतोय. मला ठाऊक असलेली आत्या कडक शिस्तीची. नणंदेची मुलं म्हणाली, मामी तर कधी आवाज चढवून बोललीच नाही! म्हणून सगळ्यांना विनंती केली की आपापली आठवण लिहा. नुसतं ‘फार प्रेमळ होती’ नको, घडलेलं काहीतरी लिहा.

सुरुवात मी करते. आत्याने मला पावकी, निमकी, दीडकी सगळं तोंडपाठ करून घेतलं. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तो मला काही केल्या येईना. ती म्हणायची, सातला अडली असशील तर सहावर जा, तिथून साडेतीन पुढे ये. शेवटच्या दोन वर्षांत तिला विस्मरणाचा आजार झाला. आधी कालचं गेलं, मग माणसांची नावं गेली, माझंही गेलं. एका दुपारी ती फार बेचैन होती, सारखी उठून दाराकडे जात होती. मला काही सुचेना. शेजारी बसून मी औटकी म्हणायला लागले आणि खरंच सातला अडले. ती थांबली, माझ्याकडे बघून म्हणाली, ‘साडेचोवीस.’ मग नऊचे साडेएकतीस, दहाचे पस्तीस, सगळं न चुकता म्हणाली. जुनं पाठांतर बऱ्याचदा शेवटपर्यंत टिकतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मला त्या वेळी एवढंच कळलं की माझं नाव नसलं तरी माझी चूक तिच्या लक्षात आहे.

बहिणीचा मुलगा

मी तिला मावशी म्हणायचो. अकराव्या वर्षी माझी दृष्टी गेली. घरातले सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले, जणू कानही गेले होते. मावशीने मात्र ब्रेल शिकायला घेतलं. तेव्हा ती ५२ वर्षांची होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेलचं एक अक्षर सहा ठिपक्यांच्या जागेत बसतं, तीन-तीनच्या दोन उभ्या रांगा. डावीकडचे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडचे ४, ५, ६. लुई ब्रेल या फ्रेंच मुलाने १८२४ च्या सुमारास, पंधराव्या वर्षी ही लिपी बसवली. तो स्वतः लहानपणी अंध झाला होता. पाटी (कागद धरून ठेवणारी खाचांची चौकट) आणि टोच्याने लिहिताना ठिपके कागदाच्या मागून टोचायचे असतात, म्हणजे उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक अक्षर आरशात दिसावं तसं उलटं. मग कागद पालथा केला की ठिपके वर येतात आणि डावीकडून उजवीकडे वाचता येतं. मावशीने दिशा लक्षात ठेवली, अक्षरं उलटी करायची राहिली. आता गंमत बघा, ब्रेलमध्ये ‘म’ म्हणजे १, ३, ४ हे ठिपके आणि ‘श’ म्हणजे १, ४, ६. दोन्ही एकमेकांची आरशातली रूपं! त्यामुळे पहिल्या पत्राखाली तिने ‘मावशी’ अशी सही केली, तर त्यात ‘म’च्या जागी ‘श’ आणि ‘श’च्या जागी ‘म’. बाकीचं तर काहीच लागेना. मी बोटं फिरवत राहिलो आणि अंध झाल्यापासून पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसलो. तिला फोन केला. ती म्हणाली, ‘थांब, परत लिहिते.’ आठ दिवसांनी तेच पत्र, तीन पानी, अचूक आलं.

आता माझा फोन मला सगळं वाचून दाखवतो, हे लिहिलेलंही. पण तिची सगळी पत्रं माझ्या कपाटात आहेत. पहिल्या काही पत्रांचे ठिपके वाचून वाचून बसत आलेत, म्हणून मी ती हल्ली फार वेळा काढत नाही.

नणंदेची मुलगी

बारावीला मी नापास झाले आणि घरी न सांगता मामीकडे गेले. दार उघडल्यावर तिला चेहऱ्यावरून कळलंच असणार. तिने मला समोर बसवलं, दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि त्यांत लोकरीची लडी अडकवली. मग समोर बसून तिचा गुंडा करत राहिली. धागा जिकडून सुटेल तिकडे हात जरासा कलता करायचा, एवढंच काम. डोळे पुसायचे तर हात मोकळे नाहीत. मी रडत होते, ती गुंडाळत होती. अख्खी लडी संपली तेव्हा पदराने माझं तोंड पुसून म्हणाली, ‘हं, आता सांग.’ तोवर सांगण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

दिराचा मुलगा

काकूंची माझी एकच छोटी आठवण. त्या फोनवर कधी ‘ठेवते’ म्हणाल्या नाहीत. ‘तू ठेव’ म्हणायच्या, आणि मी ठेवेपर्यंत थांबायच्या.

धाकटी जाऊ

सगळं खरं आहे, पण ती हट्टी होती हेही लिहा, नाहीतर ती वाटणार नाही. मला विणकाम तिने शिकवलं. एकदा स्वेटरच्या पाठीत, बरंच खाली, एक टाका गळला होता. मी म्हटलं, कुणाला दिसतंय, राहू दे. तिने क्रोशाची सुई घेतली, तो टाका पकडला आणि एकेक आडवा धागा त्यातून ओढत ओळीमागून ओळ वर आणला. चाळीसेक ओळी असतील. रात्रीचे अकरा वाजले. मला झोप आली होती आणि रागही. ती म्हणाली, ‘आज नाही दिसत. पहिल्या धुण्यात उसवत जाईल.’ तो स्वेटर माझ्या मुलानंतर माझ्या नातवानेही घातला.

धाकटा भाऊ

मला लिहायची सवय नाही. वय ७९. ताई आणि मी दोन वर्षं बोलत नव्हतो. घराच्या वाटणीवरून झालं, चूक माझी जास्त होती. त्याच काळात माझं रक्तदाबाचं औषध सुरू झालं. ती रोज रात्री आठला माझ्या बायकोला फोन करायची. मी शेजारच्या खुर्चीतच असायचो, हे तिला पक्कं माहीत. तिकडून मोठ्यांदा, मला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणायची, ‘त्याला विचार, गोळी घेतली का?’ बायको माझ्याकडे बघायची, मी मान हलवायचो. ‘घेतली म्हणतात.’ मग फोन बंद. दोन वर्षांत एकदाही चुकलं नाही. पुढे आम्ही बोलायला लागलो तरी आठचा फोन तसाच बायकोला यायचा, तिचं विस्मरण वाढेपर्यंत.

परवा रात्री बायकोने सवयीने विचारलं, गोळी घेतली का. माझ्या तोंडून गेलं, ‘ताईला सांग, घेतली.’